सात देश, की एक समुद्र?

पत्र असं आहे :

"ताई, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, वय ५९. आमचे सर हायस्कुलात भूगोल शिकवायचे, गेल्या वर्षी रिटायर झाले. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण दोघंच असे आम्ही कुठे गेलो नाही. पंढरपूर, तिरुपती, सौंदत्ती, सगळीकडे घरचे दहा-बारा जण बरोबर. आता मुलगी म्हणते, जूनमध्ये युरोप बघून या, निम्मे पैसे मी घालते. सरांनी मला न विचारता एका टूरवाल्याकडे पन्नास हजार भरून टाकले. पंधरा दिवसांत सात देश, रोज सकाळी सहाला बॅगा खोलीबाहेर. मला हे झेपणार नाही. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी जिने टाळायला सांगितलंय, पण ते मी सरांना बोलले नाही, उगाच त्यांचा विरस नको. मला समुद्राकाठी एका गावात चार दिवस राहायचंय. इथनं पणजीला जातो तेव्हा पाय भिजवायचे आणि संध्याकाळी चोर्ला घाटातनं परत यायचं. एकदा कमरेएवढ्या पाण्यात उतरायचं मनात आहे. साडीत ते जमत नाही आणि दुसरं काही घालायची लाज वाटते. जाऊबाई म्हणाल्या, 'बसायलाच जायचं असेल तर एवढ्या लांब कशाला, कारवारला जावा की.' सर आठ दिवस माझ्याशी नीट बोलत नाहीत. एवढंच म्हणतात, 'तीस वर्षं नकाशावर दाखवलं, ते एकदा डोळ्यांनी बघू दे.' मी काय करू?"

अक्का,

आधी गुडघ्यांचं. डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट सरांपासून लपवून तुम्ही त्यांच्यावर अन्याय केलाय, स्वतःवर त्याहून जास्त. त्यांना वाटतंय, बायकोला हौस नाही. पैसे भरताना त्यांनी तुम्हाला विचारलं नाही हे चुकलंच, पण ज्या माणसाला अडचणच माहीत नाही तो ती धरून बेत कसा आखणार? म्हणून ही एक गोष्ट आज सांगा. बाकीचं सगळं त्यानंतर.

आता सरांचं. त्यांच्या त्या एका वाक्यात सगळं आलंय. तीस वर्षं फळ्यावर भूमध्य सागरी हवामान काढलं : कोरडा उन्हाळा, हिवाळी पाऊस, ऑलिव्ह, द्राक्षं, लिंबू. पोरांनी ते पाठ करून मार्क मिळवले. शिकवणाऱ्याला मात्र तो कोरडा उन्हाळा कधी अंगावर घेता आला नाही, कारण आपल्याकडे जून म्हणजे खानापूर-जांबोटीचा पाऊस. त्यांची ओढ खरी आहे. तिला हावरेपणा समजू नका. सात देशांची यादी त्या ओढीतून आलीय, आणि ती यादीच तुम्हा दोघांच्या आड येतेय.

मी दोन्ही तऱ्हेनं फिरलेय म्हणून सांगते. पहिल्या वेळी आम्ही दोघं अशाच एका टूरबरोबर गेलो. माणसं चांगली होती, जेवण चांगलं होतं. परत आल्यावर फोटो बघताना कुठलं गाव कुठल्या देशातलं यावरून आमचा वाद व्हायचा. बसच्या खिडकीतून बघितलेलं सगळं एकसारखं दिसायला लागतं. दुसऱ्या वेळी जूनमध्ये आम्ही इटलीच्या पूर्वेकडच्या एड्रियाटिक समुद्राच्या वरच्या टोकाला, एकाच कोपऱ्यात बारा दिवस राहिलो. तिथली भाजीवाली आजही डोळ्यांपुढे आहे. कुणाला एकदाच जायचंय, भाषेची धास्ती आहे, सोबत हवी आहे, त्यांच्यासाठी टूर चांगलीच असते. पण रोज सहाला बॅग बाहेर ठेवणं दुखऱ्या गुडघ्यांना सोसणार नाही, आणि तुम्हाला हवा असलेला समुद्र त्या बेतात कुठेच बसत नाही.

सरांसमोर हा कोपरा मांडा. त्यासाठी त्यांचाच विषय वापरा. चुनखडीच्या प्रदेशातली भूरूपं, लवणस्तंभ, जमिनीत गडप होणाऱ्या नद्या, हे सगळं त्यांनी 'कार्स्ट' या नावाखाली शिकवलं असणार. हा शब्द कुठून आला? इटलीतल्या त्रिएस्ते शहराच्या मागे चुनखडीचं एक पठार आहे. स्लोव्हेनियन भाषेत त्याला 'क्रास' म्हणतात, जर्मनमध्ये 'कार्स्ट'. तेच नाव जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकांत गेलं. त्या पठाराच्या पायथ्यालाच समुद्र आहे. तीस वर्षं हा शब्द शिकवलेल्या माणसाला त्याचं मूळ गाव बघायला मिळत असेल तर सात राजधान्यांसमोरचे सात फोटो किती वेळ पुढे टिकतील असं तुम्हाला वाटतं?

तिथे रेका नावाची नदी आहे. स्लोव्हेनियात श्कोत्सियान इथे ती अख्खीच्या अख्खी गुहेत शिरते, जमिनीखालून पस्तीस-चाळीस किलोमीटर जाते आणि इटलीत, समुद्राच्या अगदी जवळ, 'तिमावो' हे नाव घेऊन वर येते. कणकुंबीला मलप्रभेचा उगम बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. श्कोत्सियानच्या गुहा १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. पण आत पाचशेच्या वर पायऱ्या आहेत, म्हणून तिथे सरांना एकट्यांना पाठवा. तुम्ही दोघांनी मिळून पोस्तोयनाच्या गुहेत जा. तिथे आत छोटी आगगाडी जाते. १८७२ मध्ये गुहेत रूळ टाकले, तेव्हापासूनची ही सोय आहे. गाडीतून उतरल्यावर दीडेक किलोमीटर चालावं लागतं, चढउतार आहेत, पण श्कोत्सियानसारखा जिना नाही. आत बारा महिने दहा अंशांच्या आसपास थंडी असते. बाहेर कितीही ऊन असलं तरी स्वेटर आणि पायमोजे घ्या.

बेत साधारण असा धरा. मुंबईहून विमान बदलून व्हेनिस. तिथे तीन रात्री, पण मुक्काम मेस्त्रेला, म्हणजे खाडीच्या अलीकडच्या जमिनीवर. व्हेनिसमध्ये चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. बॅगा घेऊन ते तुमच्याच्यानं होणार नाही. मेस्त्रेहून रेल्वेनं दहा-बारा मिनिटांत व्हेनिस गाठता येतं आणि पुढे पाण्यातली बस, तिला 'व्हापोरेत्तो' म्हणतात. तिचा दिवसभराचा पास काढा आणि मोठ्या कालव्यातून जाणाऱ्या एक नंबरच्या बोटीत निवांत बसून राहा. बसल्या जागी व्हेनिस बघून होतं. एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक दिवशी व्हेनिस एका दिवसासाठी येणाऱ्यांकडून प्रवेश शुल्क घेतं. मेस्त्रे त्याच महापालिकेत येतं, त्यामुळे मुक्कामाला असणाऱ्यांना ते माफ आहे, फक्त तशी नोंद ऑनलाइन करून ठेवायची.

मग रेल्वेनं दोनेक तासांत त्रिएस्ते. इथे पाच रात्री. ही पाच मी कमी करू देणार नाही, कारण तुमचा समुद्र इथे आहे.

त्रिएस्तेच्या मुख्य चौकाजवळून 'मोलो औदाचे' नावाचा दगडी धक्का अडीचशे मीटरच्या आसपास सरळ समुद्रात गेलाय. एकही पायरी नाही, तिकीट नाही, कठडाही नाही. संध्याकाळी सगळं गाव तिथे येतं. पोरं, म्हातारी माणसं, कुत्री घेऊन फिरणारे, सगळे येतात आणि पाण्याकडे तोंड करून बसतात. जूनमध्ये सूर्य मावळायला रात्रीचे नऊ वाजतात. आम्ही तिथे रोज जायचो आणि फार काही बोलायचो नाही. जाऊबाईंना सांगा, एवढ्या लांब बसायलाच गेलो होतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता पाण्यात उतरायचं. त्रिएस्तेत एक जागा आहे, तिचं नाव 'ला लांतेर्ना'. गावातले लोक तिला 'पेदोचीन' म्हणतात. शंभराहून जास्त वर्षं हा सार्वजनिक समुद्रकाठ चालू आहे आणि त्याच्या मधोमध भिंत आहे : एका बाजूला बायका आणि लहान मुलं, दुसऱ्या बाजूला पुरुष. तिकीट अगदी नाममात्र. ही भिंत काढावी असं अधूनमधून कुणी म्हणतं आणि गावातल्या बायकाच ती काढू देत नाहीत. मी तिथे गेले तेव्हा सत्तरी-ऐंशीच्या आज्या पत्ते खेळत बसल्या होत्या. अंगावर काय आहे आणि काय नाही, कुणीही कुणाकडे बघत नव्हतं. मी पूर्ण बाह्यांचा, पोटरीपर्यंत येणारा पोहण्याचा पोशाख घातला होता. तसा पुण्यात सहज मिळतो, मुलीला आणायला सांगा. घरी एकदा घालून, हात-पाय हलवून बघा. काठाला वाळू नाही, गोटे आहेत, म्हणून पाण्यात घालायचे रबरी बूट घ्या, नाहीतर गुडघ्यांआधी तळवे रडतील. जूनच्या मध्यापर्यंत पाणी बऱ्यापैकी कोमट झालेलं असतं. लाटा आपल्या गोव्यासारख्या अंगावर येत नाहीत. तरीही एकटीनं कमरेपुढे जायचं नाही आणि लाल झेंडा लावलेला असेल तर पाण्याला हातही लावायचा नाही. तुम्ही पाण्यात असाल तेव्हा सर भिंतीपलीकडे पेपर वाचत बसतील. चौतीस वर्षांनंतर एखादी दुपार अशी घालवायला हरकत नाही.

त्रिएस्तेहून एक दिवस गोरित्सियाला जा. हे मी आपल्या भागातल्या प्रत्येकाला सांगते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ च्या तहानं, तिथली सीमा गावातून गेली. जुनं गाव इटलीत राहिलं, गावाचं एक रेल्वे स्टेशन युगोस्लाव्हियात, म्हणजे आजच्या स्लोव्हेनियात, गेलं. मग पलीकडच्यांनी १९४८ पासून नोव्हा गोरित्सा हे नवं गाव वसवलं. स्टेशनासमोरच्या चौकात मधून कुंपण होतं. स्लोव्हेनिया युरोपीय संघात आला त्या वर्षी, २००४ मध्ये, ते काढलं. आता तिथे जमिनीत एक गोल नक्षी आहे. एक पाय या देशात, एक त्या देशात ठेवून लोक उभे राहतात. २०२५ मध्ये ही दोन्ही गावं मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली. त्रिएस्तेच्या वरच्या खेड्यांत गावाच्या पाटीवर इटालियन आणि स्लोव्हेनियन अशी दोन्ही नावं असतात. अशा एका पाटीसमोर मी आणि हे बराच वेळ उभे होतो. बेळगावात वाढलेल्या माणसाच्या मनात तिथे काय येतं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. तिथलंही सगळं गोडीगुलाबीनं झालेलं नाही. त्रिएस्तेतलं स्लोव्हेनियन लोकांचं 'नारोद्नी दोम' हे सभागृह १३ जुलै १९२० ला जाळलं गेलं. ते त्या समाजाला परत देण्याच्या करारावर १३ जुलै २०२० ला सह्या झाल्या. मधे बरोबर शंभर वर्षं गेली. सरांना हे नक्की सांगा, ते ऐकून त्यांना झोप येणार नाही.

एक व्यवहाराची गोष्ट : इटलीनं २०२३ पासून स्लोव्हेनियाच्या सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केलीय, म्हणून सीमा ओलांडताना पासपोर्ट अंगावर हवाच.

त्रिएस्तेनंतर बसनं चाळीसेक किलोमीटरवर पिरान, स्लोव्हेनियात. या देशाचा समुद्रकिनारा जेमतेम ४७ किलोमीटर. तिथे चार रात्री. पिरानमध्येही पाट्या दोन भाषांत, शेजारी शतकानुशतकं चालत आलेली मिठागरं, पलीकडे पोर्तोरोझला वाळूचा उथळ काठ. पिरान जुनं गाव आहे, खोली घेताना लिफ्ट आहे का हे लेखी विचारा. तिकडे 'पहिला मजला' म्हणजे जमिनीवरचा नव्हे, त्याच्या वरचा. या चार दिवसांत सर श्कोत्सियानला जाऊन येतील.

आणि सरांना एक मोठं शहर द्या. रोम. शेवटच्या तीन रात्री तिथे आणि परतीचं विमान तिथूनच. पिरानहून रोमला पोचण्यात अख्खा दिवस मोडतो, तो मोडू दे. रोमच्या रस्त्यांवर अडीच हजारांच्या आसपास पिण्याच्या पाण्याचे नळ अखंड वाहतात, बाटली बरोबर असली की झालं. दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका, तिथलं ऊन आपल्या चैत्रातल्यासारखंच लागतं.

व्हिसाबद्दल आपल्या भागातल्यांची नेहमीची फसगत होते ती टाळा. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. तुमच्या बेतात इटली. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला पंधरा दिवस धरतात, पण पंचेचाळीसही लागू शकतात, म्हणून दोन-अडीच महिने हाताशी ठेवा. मोठ्यांची फी ९० युरो. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा, आणि त्यात गुडघ्यांसारखा आधीपासूनचा आजार धरलाय का ते वाचून घ्या. अर्ज कुठे द्यायचा हे बरेच देश राहत्या राज्यावरून ठरवतात. आपल्याला पुणे-मुंबई सोयीची वाटते, पण पत्ता कर्नाटकाचा आहे. मुलीच्या घरी जाऊन देऊ म्हणून तिकिटं काढायच्या आधी हे विचारा. जमिनीचा उतारा, पेन्शनचे कागद कन्नडमध्ये असतील तर इंग्रजी भाषांतर करून घ्या. आणि नावं जुळवा. एका कागदावर बेलगाम, २०१४ नंतरच्या कागदावर बेळगावी, आडनावाचं स्पेलिंग शाळेत एक आणि आधारवर दुसरं, हे आपल्या घराघरात आहे. गावाच्या नावाचं एकवेळ चालतं, माणसाच्या नावाचं चालत नाही.

खाण्याचं थोडक्यात. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, भाताची सोय होते. बाहेर 'पिझ्झा मारिनारा' मागा, त्यात फक्त टोमॅटो आणि लसूण. 'पोलेंता' म्हणजे मक्याच्या कण्या शिजवून थापलेल्या, तुम्हाला आवडतील. 'योता' नावाचं घेवड्याच्या बियांचं सूप निर्मळ दिसतं, पण त्यात बहुधा डुकराचं मांस असतं. 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेश्शे', म्हणजे मांस नको, मासे नको, एवढं पाठ करा. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, त्यामुळे कुंदा नेण्याचा मोह आवरा. शेंगाचटणी, कारळ्याची चटणी आणि कडक भाकरी न्या.

भाषेची धास्ती सरांनाही असणार, बोलत नसतील एवढंच. टूरवाल्याकडे धावण्यामागे निम्मं कारण तेच असावं. त्यांना आठवण करून द्या : घरी मराठी, तालुक्याच्या कचेरीत कन्नड, बाजारात हिंदी, शाळेच्या कागदांत इंग्रजी, असं त्यांनी जन्मभर केलंय. कन्नड अर्ज भरून उतारा काढून आणणारा माणूस त्रिएस्तेच्या स्टेशनावर तिकीट काढू शकतो.

भरलेल्या पन्नास हजारांसाठी टूरवाल्याकडून रद्द करण्याच्या अटी लेखी मागवा, व्हिसाचा अर्ज जायच्या आधी. काही रक्कम कापली जाईल. ती गेली म्हणून पुढचे चार लाख त्याच बेतात घालू नका. सर तरीही टूरवर अडून बसले, तर निदान दोन-तीन देशांची, एका गावी दोन-तीन रात्री देणारी टूर बघायला सांगा आणि शेवटी पाच दिवस जोडून त्रिएस्तेला जा. त्याहून खाली येऊ नका.

सरांचा जुना शालेय ॲटलास कपाटात असेलच. उद्या चहा झाल्यावर तो काढा आणि त्यांना म्हणा, "ते कार्स्ट कुठे आहे, मला दाखवा." ते दाखवतील. त्यांचं बोट त्या पानावर असतानाच डॉक्टरांची चिठ्ठी बाजूला ठेवा.